आपोआप

"असं कुणी ठरवून थोडी केलं, ताई? अरेंजमेंट इव्हॉल्व्ह होत गेली," दिवाकर म्हणाला आणि त्यानं पोह्यांवर आणखी शेव घेतली.

मी विचारलं होतं ते एवढंच, की या वेळी गौरी गेल्यावर बोळकंडीतली माझी खाट पुन्हा पुढच्या खोलीत लागेल ना. रविवार होता. गणपती बसले होते, गौरी परवावर आल्या होत्या. पोहे मी केले होते, जिलबी दिवाकरनं नाक्यावरून आणली होती, आणि तो पुढच्या खोलीत सोफ्यावर बसून खात होता. सोफ्याची पाठ खिडकीकडे. त्या खिडकीतून इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या छत्र्या, होळकरांच्या दगडी समाध्या, दिसतात, खाली नदी दिसते, पावसाळ्यात नदीचा वासही येतो. त्या खिडकीकडे तोंड करून मी कितीतरी वर्षं झोपले आहे. आता खिडकीकडे सोफ्याचं लाकूड तोंड करून आहे. दिवाकर माझा धाकटा भाऊ. घास चावता चावता तो तो शब्द बोलला, आणि पोह्यात खडा लागावा तसा तो माझ्या दाताखाली आला. मी काही खात नव्हते तरी.

इव्हॉल्व्ह. मी मुलींना इंग्रजी शिकवते. नवा शब्द आला की मुली वहीत लिहितात, समोर अर्थ लिहितात, आणि खाली मी सांगते ते करतात: वाक्यात उपयोग करा. अर्थ पाठ करून काही होत नाही, असं मी त्यांना सांगत आले आहे. शब्द कुणाच्या तोंडी, कुणाला उद्देशून, कुठल्या वेळी येतो ते बघा. मग कळतं शब्द काय करतो.

वाक्यात उपयोग करा, दिवाकरच्या तोंडी. माझ्या बहिणीची खोली इव्हॉल्व्ह होऊन माझी बैठक झाली.

"बात का बतंगड करू नकोस हं आता," दिवाकर म्हणाला. मी अजून काही बोललेही नव्हते. "उलट तुला सांगणारच होतो. या वर्षी ऑफिसातले लोक दर्शनाला येणार. साहेब येणार. बोळकंडीत नैवेद्याची भांडी ठेवावी लागतील. तू तीन दिवस सुहासिनीकाकूंकडे झोप. शेजारी तर आहे. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

चारुलता, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती देपालपुरची. तिथल्या मराठी घरांत बोलतात तसं अर्धं माळवी, अर्धं मराठी बोलते, आणि तिच्या बोलण्यात एक मऊपणा असतो, तो मला पूर्वी आवडायचा. "क्या है ना वन्सं," ती म्हणाली, "तुम्हालाच इथे गर्दीत त्रास होईल. तुमच्या शाळेच्या होस्टेलमध्ये म्हणे रेक्टरबाईंना अलग खोली मिळते? चांगली हवेशीर? हे सांगत होते."

हे सांगत होते. म्हणजे बोलणं झालं होतं. मधल्या खोलीत, सागवानी पलंगावर, दार लोटून. बोळकंडीत फरशीवर झोपलेल्या माणसाला दारामागची कुजबुज ऐकू येते पण शब्द येत नाहीत. आता शब्द आले. सुहासिनीकाकूंकडे तीन दिवस, आणि तिथून होस्टेल. मी जिलबीचं ताट उचललं, आत नेलं आणि मोरीत हात धुवत उभी राहिले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

संध्याकाळी वडिलांचा जाड इंग्रजी कोश काढला. वडील होळकर दरबारात कारकून होते. मोडी झरझर लिहायचे आणि इंग्रजी जपून, पाहुण्यासमोर बसावं तसं. कोश आता स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो, डाळीच्या डब्यांशेजारी. तोही कधीतरी पुढच्या खोलीतून निघाला आणि टप्प्याटप्प्यानं डाळीपर्यंत पोचला. शब्दाचा पहिला अर्थ निघाला तो असा: गुंडाळलेलं उलगडणं. मला हसू आलं, वाईट हसू. रोज रात्री सगळ्यांचं पाणी पिऊन झालं, मधलं दार लागलं, की मी बोळकंडीत माझी वळकटी सोडते आणि उलगडते. सकाळी दूधवाल्याच्या आधी गुंडाळते, कारण कुणाच्या पायात यायला नको. म्हणजे या घरात त्या मूळ अर्थानं हे काम करणारी मी एकटीच. दुसरा अर्थ रसायनातला. जस्तावर आम्ल ओतलं की वायू इव्हॉल्व्ह होतो, बुडबुडे येतात. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुली कौतुकानं बघतात आणि वहीत लिहितात, वायू बाहेर पडला. पण आम्ल कुणीतरी ओततं ना? बाटलीचं बूच काढून, हात तिरपा करून? ते वाक्यात येत नाही. वाक्यात फक्त वायू येतो, आपापला, बुडबुडत, जसं काही त्याला बाहेर पडायचंच होतं. तिसरा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, हळूहळू एकाचं दुसरं होणं. माशाला पाय फुटणं. त्याला कोट्यवधी वर्षं लागली म्हणतात. दिवाकरला चार गौरी लागल्या.

सांगते कशा.

नवं राज्य झालं आणि भोपाळ राजधानी झाली, तेव्हा दिवाकरची कचेरी तिकडे गेली आणि दिवाकर कचेरीबरोबर गेला. पुढच्याच वर्षी वडील गेले. मग या तीन खोल्यांत मी एकटी. भीती वाटेल असं लोक म्हणाले. मला वाटली नाही. पुढच्या खोलीत माझी नवारीची खाट, टेबल, तपासायच्या वह्या, खिडकी. खाटेच्या पायांना लोखंडी टोप्या होत्या, त्यांचे चार तांबूस गोल फरशीवर उमटले होते, गुळगुळीत, तबकडीसारखे. मग दिवाकरची बदली इंदूरला झाली. बायको आणि मुलगी, रमा, यांना घेऊन तो आला तो दोन महिन्यांसाठी. राजेंद्र नगरला प्लॉट बघतोय म्हणाला. अजून बघतोय. माणूस इतकी वर्षं बघत राहिला तर प्लॉटलाही लाज वाटेल. मी त्यांना मधली खोली दिली. मी दिली, हे मी कबूल करते, आणि आनंदानं दिली. घरात भाकरीचा वास, पोरीचं हसणं, हे मला हवं होतं. पहिल्या वर्षी गौरी आल्या. आमच्याकडे गौरी पुढच्याच खोलीत बसतात, म्हणून माझी खाट आणि टेबल तीन दिवस मधल्या खोलीत गेलं. गौरी गेल्या, खाट परत आली, टेबल आलं नाही. "बघ ना, खोली कशी मोठी दिसते," दिवाकर म्हणाला. मी वह्या मांडीवर घेऊन तपासल्या. दुसऱ्या वर्षी हळदीकुंकवाच्या बायकांना बसायला म्हणून सोफा आला. बायका उठून गेल्या, सोफा उठला नाही. खाट भिंतीकडे सरकली. तिसऱ्या वर्षी गौरी गेल्यावर खाट बोळकंडीत लागली, रमाची परीक्षा होईपर्यंत. रमा पास झाली. पेढे मीच वाटले. चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, खाट बोळकंडीत आडवी असली की चारुलताला पाण्याची घागर नेता येत नाही असं लक्षात आलं. कुणाच्या लक्षात आलं? आलं. मग खाट भिंतीला टेकवून उभी राहिली आणि मी फरशीवर आले.

आणि यातल्या कुठल्याही दिवशी भांडण झालेलं नाही. हेच मला आता जाळतं. भांडण झालं असतं तर तारीख असती, कुणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं, मी त्याला उलटं बोललेले असते. इथं तर दर वेळी देवी मधे होती. तीन दिवसांसाठी देवीला जागा द्यायला कोण नाही म्हणेल? आणि देवी जागा घेऊन गेली नाही. देवी तिसऱ्या दिवशी दहीभात खाऊन, निरोप घेऊन गेली. तिनं रिकामी केलेली जागा दर वर्षी कुणीतरी थोडी थोडी उचलली. गौर माहेरी येते तीन दिवस, म्हणून तिला सोळा भाज्या, पुरण, नवी लुगडी. मी माहेरी कायमची आहे. मला वळकटी.

वाक्यात उपयोग करा. होळकर राज्य इव्हॉल्व्ह होऊन मध्यभारत झालं, मध्यभारत इव्हॉल्व्ह होऊन मध्यप्रदेश.

वडिलांना हे असलं बोलणं चालत नसे. वर्तमानपत्रात आलं होतं, संस्थानं विलीन झाली. वडील पेपर खाली ठेवून म्हणाले होते, "विलीन व्हायला ती काय साखर आहे?" ते काही दरबाराचे भक्त नव्हते. दरबारात पगार तीन तीन महिने रखडायचा, वरिष्ठांच्या शिव्या खाव्या लागायच्या, हे ते मोकळेपणानं सांगत. राज्य गेलं याचं दुःख नव्हतं. कुणीतरी सही केली, कुणीतरी सही करून घेतली, कागद पुढे सरकवणारा हात होता, हे ते विसरू देत नसत. "चांगलं केलं असेल, वाईट केलं असेल. पण केलं, इंदू. झालं नाही. केलं." तेव्हा मला ते म्हाताऱ्या कारकुनाचं खुसपट वाटलं होतं. आमच्या शाळेतही असंच. मी लागले तेव्हा मुली मला बाई म्हणत. मग काही मुली बहनजी म्हणू लागल्या, मग सगळ्या. मग प्रार्थना बदलली, मग मराठीच्या तुकड्या दोनाच्या एक झाल्या. प्रेमलताबाई, आमच्या ड्रॉइंगच्या, म्हणतात, "अरे इंदुमतीजी, वक्त के साथ होतं असं. अपन क्या करणार?" हे खरंही असेल. शहरात एवढी माणसं येतात, एवढ्या भाषा येतात, त्यांच्यातून काहीतरी सावकाश तिसरंच होत असेल, कुणाच्या हाताशिवाय. नदी वळते तसं. मी मूर्ख नाही. सगळ्याला गुन्हेगार शोधत बसणारी नाही. म्हणून तर मला तो शब्द आणखी संतापवतो. नदीसाठी ठीक असलेला शब्द या माणसानं माझ्या खाटेसाठी वापरला. कोट्यवधी वर्षांच्या आडोशाला जाऊन उभा राहिला, हातात माझं टेबल घेऊन. आणि मासे. पाय फुटलेल्या माशाची चित्रं पुस्तकात असतात. ज्यांना पाय फुटले नाहीत आणि तळं आटलं, ते कुठल्या पानावर आहेत?

सोमवारी शाळेत मी एका मुलीवर ओरडले. तिनं वहीत लिहिलं होतं, काच फुटली. मी म्हटलं, कुणी फोडली? ती रडायला लागली. म्हणाली, "बहनजी, मी नाही फोडली, हे तर सिर्फ वाक्य आहे." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले, आणि फळ्यावर काही लिहायचं सुचेना. पाठीमागे मुलींचे श्वास ऐकू येत होते. आपला राग आता भलत्या माणसांवर सांडायला लागला आहे, हे मला त्या काळ्या फळ्यात स्वच्छ दिसलं. तो योग्य घरी नेला पाहिजे होता.

त्या दिवशी घरी येताना नदीच्या पुलावर थांबले. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बायका आघाड्याच्या जुड्या आणि तेरडा विकत होत्या. आईबरोबर मी इथूनच तेरडा न्यायचे. आईची एक गोष्ट आमच्या घरात दर गौरीला सांगितली जाते, आणि सांगतो दिवाकरच, कारण तिच्यात हिरो तोच आहे. आमच्याकडे गौरी म्हणजे दोन पितळी मुखवटे. घरातली बाई ताटात तांदूळ पसरून त्यावर मुखवटे ठेवते आणि ताट हातात धरून उंबऱ्यापासून साऱ्या घरातून फिरते. मागची बाई दर खोलीत विचारते, इथे काय आहे, आणि ताटवाली सांगते, इथे धान्य आहे, इथे दूधदुभतं आहे. शेवटी पुढच्या खोलीत मांडलेल्या जागी ताट टेकवायचं. त्या वर्षी दिवाकर नुकता रांगत होता. आई ताट घेऊन स्वयंपाकघरात आली आणि हा चुलीकडे निघालेला. आईनं ताट होतं तिथं खाली ठेवलं आणि याला उचललं. झालं. वडील दारातून म्हणाले, "टेकली. आता तिथंच. टेकलेली गौर हलवायची नाही." तीन दिवस गौरी स्वयंपाकघरात, आणि चूल अंगणात, छत्री धरून पुरण शिजवलेलं. तेव्हापासून आमच्या घराचा तो कायदाच झाला. इतरांकडे असं नसेल. सुहासिनीकाकू पूर्वी हसायच्या, तुमचं काहीतरीच. पण आमच्याकडे आहे. आई दर वर्षी मला सांगायची, "हात घट्ट धर हं. टेकायचं नाही कुठं." कारण आईनं नंतर ताट मला दिलं. लेकीनं आणायची गौर, म्हणाली, तीही कुणाची लेकच. माझं लग्न झालं नाही, म्हणून ताट माझ्याकडेच राहिलं. एवढी एक गोष्ट या घरात माझ्याकडून कुठं सरकली नाही. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नसावं.

पुलावर उभी होते आणि हात कठड्यावर होते. हातांकडे बघितलं. खडूनं पांढरे झालेले. हे हात घट्ट आहेत, मला वाटलं. मग तेरडा घेतला आणि घरी आले.

मंगळवारी दुपारपासून गडबड. रमानं दारापासून पुढच्या खोलीपर्यंत रांगोळीची पावलं काढली, हळदीकुंकू भरलं. छान काढते पोरगी. पुढच्या खोलीत सोफा एका अंगाला सरकवून त्याच्यासमोर गौरींच्या तिवया उभ्या केल्या होत्या, दोन जरीची लुगडी नेसवून, वर मुखवट्यांची जागा रिकामी. दोन बिनडोक्याच्या बायका आपल्या डोक्यांची वाट बघत होत्या. माझी वळकटी सकाळीच कुणीतरी बांधून सुहासिनीकाकूंच्या ओसरीवर नेऊन ठेवली होती. कुणी नेली ते विचारलं नाही. गेली होती. खाट मात्र बोळकंडीत भिंतीला उभीच होती, तिच्यावर आता पातेल्यांची झाकणं अडकवलेली. सुहासिनीकाकू स्वतः आल्या, नऊवारी नेसून, हातात घंटा. साठी उलटलेल्या, आवाज खणखणीत. मला म्हणाल्या, "इंदू, ये गं माझ्याकडे बिनधास्त. मी घोरते, तेवढं सांभाळून घे." त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं मी आपणहून येते आहे.

उंबऱ्यावर चारुलतानं माझ्या पायांवर पाणी घातलं, दूध घातलं. ताट माझ्या हातात. तांदळाचं, पितळेचं वजन मनगटात उतरलं. दोन्ही मुखवटे वर बघत होते, मोठ्या डोळ्यांनी, आई घासायची तसे चिंचेनं घासलेले. घंटा सुरू झाली. "गौर आली, गौर आली," सुहासिनीकाकू म्हणाल्या. "कशाच्या पावलांनी आली?" मी म्हटलं, "सोन्याच्या पावलांनी आली." माझा आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला, सपाट, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. स्वयंपाकघरात गेलो. चारुलतानं विचारलं, इथे काय आहे. मी म्हटलं, इथे अन्न आहे. कोठीच्या फळीपाशी गेलो. इथे काय आहे. धान्य आहे. मग बोळकंडी. दर वर्षी बोळकंडीतून आपण नुसते पुढे जातो, तिथं कुणी काही विचारत नाही, ती खोली नव्हे ना. मी थांबले. मागं चारुलता माझ्या पाठीवर आदळता आदळता थांबली. घंटा थांबली. विचारायचं मी नसतं, सांगायचं मी असतं. माझ्या खांद्यापाशी माझी खाट, तिच्यावरची झाकणं हलून बारीक वाजली. अंधारात तांदूळ तेवढा पांढरा दिसत होता.

"चला ना वन्सं," चारुलता म्हणाली.

मी थांबूनच.

मग मागून रमाच म्हणाली, लहानपणी विचारायची तशा आवाजात, "आत्या, इथे काय आहे?"

"इथे तुझी आत्या झोपते," मी म्हटलं. "गौरीला दाखवायचं राहिलं होतं."

काकूंनी घंटेचा लोलक हातात धरला होता. त्यांनी खाटेकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, आणि मग, मला दिसलं, त्यांना आपल्या ओसरीवरची वळकटी आठवली. मी पुढे निघाले. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. दर वर्षी तिथं दारातूनच म्हणतात, इथे सुख आहे, आणि वळतात. मी आत गेले. सागवानी पलंग, त्याच्यावर नवी चादर, साहेब येणार म्हणून. कोपऱ्यात माझं टेबल, त्याच्यावर दिवाकरचं दाढीचं सामान. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फरशीचा एक तुकडा मोकळा होता. माझे हात अजिबात हलत नव्हते. मी वाकले. गुडघे टेकले. ताट फरशीवर ठेवलं आणि दोन्ही हात काढून घेतले.

पितळ दगडावर टेकल्याचा आवाज छोटा असतो. पण सगळ्यांनी ऐकला.

"टेकली," सुहासिनीकाकू म्हणाल्या. पूर्वी हसायच्या त्याच काकू.

चारुलताचा हात तोंडावर गेला होता. पुढच्या खोलीतून दिवाकर आला, सोवळ्याचा कद नेसलेला, उघडा, जानव्यात बोट अडकवून. त्यानं खाली ताट बघितलं, मग पलंग, मग मला. "ताई, हात थरथरला का?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच काळजीचा होता. ते मला सगळ्यात कठीण गेलं.

"चक्कर आली असणार," चारुलता म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहेत वन्सं. मी म्हटलं होतं त्यांना, दूध तरी घ्या."

"होतं असं," काकू म्हणाल्या. माझ्या दंडाला धरून मला उठवायला लागल्या. त्या माझ्या बाजूनं होत्या, म्हणूनच म्हणाल्या, "आपोआप होतं बाई. देवीच्या मनात असेल. कुणाचा दोष नाही."

किती सोपं होतं. तिघांनी मिळून माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. हो म्हटलं असतं, पदरानं कपाळ पुसलं असतं, तर गौरी तिथंच राहिल्या असत्या, पलंग हललाच असता, मला कुणी बोल लावला नसता, आणि वर गरम दूध मिळालं असतं. असंच होत आलं आहे, याच दारातून सगळं नेलं गेलं आहे. मी उभी राहिले. हातांना तांदूळ चिकटला होता तो झटकला नाही.

"हात थरथरला नाही," मी म्हटलं. "चक्कर आली नाही. काकू, देवीला यात ओढू नका, तिच्या नावावर या घरात आधीच खूप आहे. दिवाकर, मी ठेवली. पुढच्या खोलीत न्यायची नव्हती म्हणून इथं ठेवली. सोमवारी पुलावर उभी असताना ठरवलं, आणि आज ठेवली."

"पण का?" तो म्हणाला.

"माझी खाट पुढच्या खोलीत जाणार आहे म्हणून. आज. तिथं आता देवी बसणार नाही, तेव्हा तिथून खाट हलवायला काही कारण नाही. सोफ्याचं काय करायचं ते तू ठरव आणि तू कर. तीन दिवसांनी तुमचा पलंग इथं परत आणायचा असेल तर आणा. मी अडवणार नाही. पण माझी खाट आता निघणार नाही. काढायची असेल तर मला सांगून, माझ्यासमोर, दोन्ही हातांनी उचलून काढावी लागेल. आणि होस्टेलमध्ये मी जाणार नाही."

"साहेब येणार आहेत गं," दिवाकर म्हणाला. एवढंच म्हणाला. मग ताटाकडे बघत राहिला. मला माहीत होतं तो काय बघतो आहे. टेकलेली गौर हलवायची नाही, ही गोष्ट तो दर वर्षी पाहुण्यांना सांगतो, चुलीकडे रांगत निघालेल्या स्वतःची. आज साहेबांनाही सांगणार होता. चारुलता एकदा खाली वाकली, ताटापर्यंत हात नेला, आणि मागे घेतला. "पाप लागेल हो," ती पुटपुटली. हलवल्यानं लागेल की ठेवल्यानं, ते तिनं सांगितलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिची कीव आली नाही. उद्या येईल कदाचित. राग अजून होता. पण आता तो मला जाळत नव्हता. पायाखाली फरशी असावी तसा होता.

रमा केव्हा गेली कळलं नाही. बोळकंडीतून झाकणं खाली ठेवल्याचे आवाज आले, एकेक. मग लाकूड घासल्याचा आवाज. ती खाट ओढत पुढच्या खोलीकडे नेत होती, रांगोळीच्या पावलांवरून, आणि काकू घंटा तशीच हातात घेऊन तिच्या मदतीला गेल्या. "अगं, जपून, पावलं पुसतील," चारुलता आतूनच म्हणाली. "पुसू देत, आई," रमा म्हणाली. "इकडे यायची नाहीयेत आता."

मी पलंगाच्या उशाकडे गेले. चादर काढली, घडी केली, चारुलताच्या हातात दिली. गादी उभी केली. सागवान फार जड असतं. एकटीनं हलणार नव्हतं ते, आणि ते मला आधीपासून माहीत होतं.

"तिकडून धर," मी दिवाकरला म्हटलं.

तो उभा राहिला. कद सावरला. मग पायथ्याशी जाऊन वाकला आणि त्यानं दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. वर माझ्याकडे बघितलं. लहानपणी चुलीपाशी आईनं उचलला तेव्हा असाच बघत होता, रडावं की नाही हे न ठरलेला.

"कुठं ठेवायचा?" त्यानं विचारलं.

या घरात काही उचलायच्या आधी हे कुणी विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.